धूळ कोणती, ढोल कोणता?

दोस्तांनो, मे महिन्याची सुट्टी लागली आहे असं समजा. तुम्ही बारामतीचे आणि तुमचे मामा इंदापूरचे. भवानीनगर, निमगाव केतकी करत एसटी इंदापूरला पोचते. वाटेत कुठं ऊस, कुठं डाळिंब. मामांच्या घरी जेवण झालं, की दुपारी करायचं काय? बाहेर ऊन नुसतं मी म्हणतंय. मग माणूस काय करतो? माळ्यावर चढतो!

माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तरुणपणी मामांचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, मामांचा कर्णा झाडावर चढलेला असायचाच. त्या काळच्या रेकॉर्ड या पेटीत आहेत. लावण्या, भावगीतं, सिनेमाची गाणी. आणि अगदी तळाशी एक छोटीशी, सात इंचांची काळी तबकडी. लेबलावर इंग्रजी अक्षरं आणि ४५ हा आकडा.

मामा ती पाहून हसतात. “आरं, ही तर पुण्याच्या जुन्या बाजारातनं गठ्ठ्यात आली व्हती. एका वरातीत चुकून लावली. पोरं लई नाचली, म्हातारी माणसं लई चिडली!”

मामांचा जुना प्लेअर अजून फिरतो. तुम्ही अलगद सुई टेकवता. चर्रर्र... टक्... टक्... आणि मग एकदम गिटारी आणि धाडधाड ड्रम! ही रॉकची सिंगल आहे. १९८०च्या सुमारास अमेरिका आणि इंग्लंडमध्ये काही तरुण बँड निघाले. मोठ्या कंपन्यांची चकचकीत गाणी त्यांना नको होती. ते छोट्या कंपन्यांकडून, थोड्याच प्रती काढून आपली गाणी लोकांपुढे आणायचे. त्यांच्या संगीताला पुढे ‘अल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणू लागले.

गाणं झकास आहे, पण त्याच्यावर चरचर आणि टकटक किती! ही काढता येईल का? येईल. संगणकावर येईल. पण त्यात एक गोम आहे. ती कळण्यासाठी आधी एक कोडं सोडवा.

एका बाजूला खाचा किती?

रेकॉर्डच्या एका बाजूला किती खाचा असतात? शंभर? पाचशे? चुकलात! खाच एकच असते. गोगलगाईच्या शंखासारखी फिरत फिरत ती कडेपासून लेबलापर्यंत जाते. या खाचेच्या दोन भिंती सारख्या नागमोडी झालेल्या असतात. त्यातून जाताना सुई थरथरते, त्या थरथरण्याची वीज होते आणि विजेचा पुन्हा आवाज होतो. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये तर एक भिंत डाव्या स्पीकरचं सांगते आणि दुसरी उजव्या स्पीकरचं.

मिनिटाला ४५ फेरे मारणारी ही छोटी तबकडी आरसीए व्हिक्टर या अमेरिकन कंपनीनं १९४९ मध्ये बाजारात आणली. त्याच्या आदल्याच वर्षी कोलंबिया कंपनीनं ३३⅓ फेऱ्यांची मोठी एलपी काढली होती. त्याआधी राज्य होतं ते ७८ फेऱ्यांच्या जड तबकडीचं. ती लाखेपासून बनायची. म्हणून हातातून पडली, की खळ्ळकन फुटायची. एलपी आणि सिंगल बहुधा व्हिनाइलच्या असतात. व्हिनाइल म्हणजे कोण? मामांच्या उसाला पाणी नेणारा पीव्हीसीचा पाइप पाहिलात ना? त्याच्याच कुळातलं हे प्लॅस्टिक. सहजी फुटत नाही, पण उन्हानं वाकतं आणि त्याच्यावर ओरखडे पटकन पडतात. म्हणून रेकॉर्ड तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नयेत. आणि ताटांसारख्या एकावर एक न रचता वह्यांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

आधी अंघोळ!

संगणक सुरू करण्याआधी तबकडीला अंघोळ घाला. खाचेतली निम्मी टकटक म्हणजे साधी धूळ असते. जी धूळ पाण्यानं निघते, ती संगणकानं कशाला काढायची? नळाचं पाणी नको, कारण ते सुकल्यावर क्षार मागे राहतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या. मऊ, स्वच्छ कापड ओलं करून खाचेच्या दिशेनं, म्हणजे गोल गोल फिरवा. आडवं घासलंत, तर धुळीचे कण खाचेच्या भिंती ओरबाडतात. लेबल कोरडं ठेवा आणि तबकडी सावलीत वाळवा.

एक सूचना मात्र पाठ करून ठेवा. पेटीत ७८ची लाखेची रेकॉर्ड असेल, तर तिला स्पिरिट कधीही लावू नका. सुतारकाका चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश तयार करतात. तुम्ही साफ करायला जाल आणि गाण्याचंच पॉलिश होऊन बसेल!

गाण्याचे आकडे

आता रेकॉर्ड प्लेअरचा आवाज संगणकात न्यायचा. मध्ये एक ‘फोनो प्रीअँप’ लागतो. तो कशाला? त्यामागे एक गंमत आहे. ढोलासारखा खर्जातला आवाज जसाच्या तसा कोरला, तर खाच इतकी रुंद डोलू लागेल, की शेजारच्या फेऱ्यात घुसेल. म्हणून कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि बारीक, तीव्र आवाज वाढवतात. वाजवताना नेमकं उलट करायचं, की हिशेब जुळला. हे किती करायचं याचा ‘आरआयएए’ नावाचा नियम १९५४ मध्ये ठरला. हे उलट करण्याचं काम प्रीअँप करतो. तो नसेल, तर गाणं पत्र्याच्या डब्यात कोंडल्यासारखं किरकिरं ऐकू येतं.

संगणकाला आवाज कळत नाही, त्याला कळतात फक्त आकडे. म्हणून तो आवाजाची उंची सारखी मोजत राहतो. किती वेळा? सीडीच्या मापानं सेकंदाला ४४,१०० वेळा! माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. तो नीट पकडायचा, तर दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. आता तुम्हीच हिशेब करा. तीन मिनिटांच्या गाण्यात १८० सेकंद. १८० गुणिले ४४,१०० म्हणजे ७९,३८,००० आकडे. स्टिरिओ असेल तर त्याच्या दुप्पट, म्हणजे दीड कोटींच्या वर! जुने आवाज जपणाऱ्या संस्था तर बहुतेक वेळा सेकंदाला ९६,००० वेळा मोजतात.

यासाठी ‘ऑडॅसिटी’ हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात तुमचं गाणं नागमोडी रेषेसारखं दिसतं. आवाज भरताना ही रेषा खिडकीच्या कडांना टेकू देऊ नका. टेकली, की तिचा माथा छाटला जातो आणि छाटलेलं परत येत नाही. आवाज थोडा कमी भरला तर चालतं. तो नंतर वाढवता येतो.

भरलेली ही पहिली फाइल तशीच ठेवा. तिला नाव द्या ‘मूळ’. तिला पुन्हा हात लावायचा नाही. जे काय प्रयोग करायचे, ते तिच्या नकलेवर.

घड्याळ लावून चोर पकडा

आता खरी गंमत! गाण्यात ‘टक्’ ऐकू येतं. हा ओरखडा आहे की ड्रमवरची काठी? कसं ओळखाल?

घड्याळानं! तबकडी ६० सेकंदांत ४५ फेरे मारते. म्हणजे एका फेऱ्याला १.३३ सेकंद. एखादा ओरखडा कडेकडून लेबलाकडे गेला असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सुई त्याच्यावर एकदा आपटणार. म्हणजे टकटक बरोबर १.३३ सेकंदांनी येणार. ड्रमवाला मात्र गाण्याच्या तालात वाजवतो, तबकडीच्या फेऱ्यात नाही. एलपी असेल, तर हा आकडा १.८ सेकंद होतो. झाला की नाही चोर हजर?

हा चोर केवढा असतो, तेही पाहू. सात इंची तबकडीच्या कडेजवळ खाच सुईखालून सेकंदाला साधारण ४० सेंटिमीटर वेगानं सरकते. ओरखडा मिलिमीटरचा दहावा भाग रुंद असेल, तर सुई त्याला सेकंदाच्या चार हजाराव्या भागात ओलांडते. तेवढ्या वेळात संगणकानं मोजलेले आकडे किती? फक्त अकरा! दीड कोटींतले अकरा आकडे बिघडले, की आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं. कानाची कमाल आहे, नाही?

गाळलेली जागा भरा

हे अकरा आकडे दुरुस्त कसे करायचे? तुम्ही परीक्षेत करता तसेच. १२, १५, १८, __, २४. मधल्या जागी काय? २१! कारण अलीकडचे आणि पलीकडचे आकडे पाहून तुम्ही ओळखलंत. संगणकही तेच करतो. बिघडलेला तुकडा खोडतो, दोन्ही बाजूंची नागमोडी रेषा पाहतो आणि मध्ये शोभेल अशी रेषा ओढतो.

पण कसरीनं खाल्लेलं पुस्तक आठवा. एखादं अक्षर गेलं असेल, तर शब्द लागतो. सबंध ओळ गेली असेल, तर नाही लागत. मग तुम्ही जे लिहाल ते लेखकाचं नसेल, तुमचं असेल. ऑडॅसिटीतलं ‘रिपेअर’ हे हत्यार म्हणूनच एका वेळी १२८ आकड्यांपर्यंतच चालतं. म्हणजे सेकंदाचा साधारण तीनशे चाळिसावा भाग. तेवढं जपून भरता येतं.

टकटक अशी एकेक करून काढता येते. मागची सलग चरचर काढायची रीत वेगळी. गाणं सुरू होण्याआधी सुई रिकाम्या खाचेतून जाते ना, तेवढा एक-दोन सेकंदांचा तुकडा संगणकाला ऐकवायचा आणि सांगायचं, “ही नुसती चरचर. हिचा चेहरा लक्षात ठेव.” मग तो सगळ्या गाण्यात तिला शोधतो आणि दाबतो.

मामांचा कान

तुम्ही म्हणाल, एवढं सोपं आहे तर सगळी बटणं जोरात दाबू या! टकटक काढणारं यंत्र आपोआप चालवलं, अगदी वरच्या खुणेपर्यंत. चरचरही पार खलास. गाणं कसं आरशासारखं लख्ख झालं. धावत जाऊन तुम्ही ते मामांना ऐकवता.

मामा डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, “साफ झालंय खरं. पर ह्यातला ढोल कुठाय?”

तुम्ही पुन्हा ऐकता. आणि खरंच की! ड्रमचा ठोका आता उशीवर बुक्की मारल्यासारखा वाटतोय. झांजेची चमक गेलीय. गाणारा पाण्याखालून बोलल्यासारखा गुळगुळीत झालाय.

असं का झालं? काठी ड्रमवर आपटते, तेव्हा पहिल्या क्षणी रेषा सुळकन उंच जाते. ओरखड्यातही तसंच होतं. यंत्राला दोन्ही सारखेच दिसले, त्यानं दोघांचीही मुंडी छाटली. झांजेचा सळसळाट आणि रेकॉर्डची चरचर यांचंही तसंच. आणि रॉकमध्ये तर गिटारचा आवाज वाजवणारेच मुद्दाम खरखरीत करतात! ती खरखर म्हणजे घाण नव्हे, ते गाणंच आहे. हीच ती गोम, दोस्तांनो. धूळ कोणती आणि ढोल कोणता, हे यंत्र सांगत नाही. ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं असतं.

मग उपाय? घरात आजी धान्य पाखडते, तेव्हा सुपाबाहेर पडलेल्या कोंड्यातही एकदा हात फिरवते. दाणे तर गेले नाहीत ना? तसंच करायचं. ‘मूळ’ची नक्कल आणि साफ केलेलं गाणं एकाखाली एक ठेवायचं. त्यातलं एक उलटं करायचं, म्हणजे रेषेचे डोंगर दऱ्या होतील आणि दऱ्या डोंगर. मग दोन्ही एकदम वाजवायचं. जे दोन्हींत सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. उरतं काय? तुम्ही काढून टाकलेलं तेवढंच! त्या कोंड्यात नुसती टकटक आणि चरचर असेल, तर शाबास. पण त्यात ढोलाचा ठोका ऐकू आला, तर दाणे बाहेर पडलेत. परत फिरा, हात हलका करा. थोडी चरचर राहिली तरी चालेल.

मुद्दाम धूसर असलेलं गाणं

याचं एक नामांकित उदाहरण सांगतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अथेन्स नावाचं कॉलेजचं गाव आहे. तिथल्या ‘आर.ई.एम.’ या बँडनं १९८१ मध्ये ‘रेडिओ फ्री युरोप’ ही पहिली सिंगल काढली. हिब-टोन ही कंपनी इतकी छोटी, की पहिल्या खेपेला निघाल्या फक्त १,००० प्रती. गाणाऱ्याचे शब्द नीट कळत नाहीत, सगळा आवाजच जरा धुक्यातला. तिच्या आवाजावर खुद्द बँडही खूश नव्हता. १९८३ मध्ये त्यांनी हेच गाणं आपल्या ‘मर्मर’ या एलपीसाठी पुन्हा, जास्त सफाईनं गायलं. पण पुढे अमेरिकेनं जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत हे गाणं घेतलं, तेव्हा निवड झाली ती १९८१च्या सिंगलची!

आता त्या हजारांतली एखादी तबकडी तुमच्या हाती आली, तर काय कराल? धूळ पुसाल, ओरखडे काढाल. पण धुकं? ते काळानं आणलेलं नाही, ते पहिल्या दिवसापासून तिथं आहे. ते काढायचा हक्क आपल्याला नाही.

आपल्याकडच्या तबकड्या

रॉक म्हणजे काही फक्त परदेशातली गोष्ट नाही हं. मराठी नाटकातलं प्रसिद्ध जोडपं आत्माराम आणि आशा भेंडे. त्यांचे चिरंजीव नंदू भेंडे हे १९७०च्या दशकात मुंबईतले नावाजलेले रॉक गायक होते. पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ १९७८ मध्ये रंगमंचावर आलं, त्याच्या संगीतातही त्यांचा वाटा होता. ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ या ज्या मुंबईच्या बँडबरोबर ते गायले, त्याची एलपी १९८१ मध्ये निघाली. ती पुढे इतकी दुर्मीळ झाली, की २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं ती नव्यानं काढली.

याहून जुनी गोष्ट ‘यंग इंडिया’ या छापाच्या रेकॉर्डची. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनं १९३५ ते १९५५ या काळात त्या काढल्या. त्यात शास्त्रीय गाणं होतं, सिनेमा होता, लोकगीतं, नाटकं आणि हौशी कलावंतांची गाणीही होती. बहुतेक तबकड्या एकदाच छापल्या गेल्या. कंपनी बंद पडली आणि ही गाणी पुढे कॅसेटवर किंवा सीडीवर आलीच नाहीत. मग ती राहिली कुठं? लोकांच्या घरात! मामांच्या पेटीसारख्या पेट्यांमध्ये.

१९९० मध्ये मुंबईत रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांची एक संस्था सुरू झाली, ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’. तिच्या संस्थापकांपैकी एक डॉ. सुरेश चांदवणकर. त्यांचा पेशा भौतिकशास्त्राचा, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला. ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यात आलेले दस्तऐवज वाचवण्याच्या योजनेतून त्यांनी यंग इंडियाच्या रेकॉर्ड शोधून त्यांचे आवाज संगणकात उतरवण्याचं काम केलं. अशा कामात जिचा दुसरा जोड सापडत नाही अशी तबकडी हाती येते, तेव्हा ती चुकून फुटली, की ते गाणं जगातूनच गेलं. आणि ती ‘साफ’ करताना ढोल पुसला आणि ‘मूळ’ ठेवलं नाही, तरी ते गेलंच. फक्त आवाज न होता गेलं, एवढाच फरक.

दोन फाइली

म्हणून शेवटी तुमच्याकडे दोन फाइली हव्यात. एक ‘मूळ’, चरचरीसकट. दुसरी ‘साफ’, हलक्या हातानं केलेली. सोबत वहीत एवढं लिहा: तबकडी कुणाची, कुठं मिळाली, लेबलावर काय छापलंय, आणि काय काय काढलं. लेबल आणि गाण्याचा शेवट यांच्यामध्ये गुळगुळीत पट्टी असते. तिच्यावर बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो, तोही उतरवा. लेबल फाटलं तरी तो राहतो. उद्या तुमच्यापेक्षा हुशार यंत्रं येतील, चांगले कान येतील. त्यांना ‘मूळ’पासून पुन्हा सुरुवात करता आली पाहिजे.

आणि हो, साफ केलेलं गाणं घरच्यांना खुशाल ऐकवा, पण इंटरनेटवर टाकू नका. आपल्या कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं त्याच्या मालकाकडे असतो.

संध्याकाळी ऊन उतरलं, की मामांना पुन्हा बोलवा. या वेळी टकटक नाही, मागे पावसाच्या भुरभुरीएवढी चरचर आहे, आणि मध्येच धाडकन ठोका पडतो. मामांचा पाय आपोआप हलायला लागतो. “हां, ह्यो बघ ढोल!”

तुमच्याही घरी, आजोळी, शेजारी एखादी पेटी असेलच. या सुट्टीत विचारून तर पाहा. पेटी उघडली, सुई टेकवली आणि ‘टक्’ ऐकू आलं, की आधी घड्याळ काढा आणि मोजा. एक पूर्णांक तेहेतीस!